पाऊस लागला की नेट तुटतं: फुकटचं कनेक्शन, मोडेमची सेटिंग आणि आपली खारी लाइन

हे लिहिलंय ते विंडोज ९८ आणि एक्सपीच्या काळातलं, जेव्हा मोडेम टेलिफोनच्या तारेला जोडून, कंपनीचा नंबर फिरवून नेट लावायचं, म्हणजे डायल-अप. प्रॉब्लेम आधी सांगतो. नंबर लागतो, मोडेम नेहमीसारखा केकाटतो, पासवर्ड घेतो, स्क्रीनच्या खाली कोपऱ्यात दोन छोट्या कॉम्प्युटरचं चित्र लुकलुकायला लागतं, तुम्ही मेल उघडायला घेता आणि पाच-सात मिनिटांत सगळं गप्प. परत डायल, परत तेच. उन्हाळ्यात हे आठवड्यातून एखाद्या वेळी होतं, मृग लागला की रोज, आणि झड लागली की मेलचं पहिलं पानसुद्धा पूर्ण उघडत नाही. गावात ज्यांच्याकडे कॉम्प्युटर आहे त्यातले निम्मे मला हेच विचारतात, प्रत्येकाच्या पडवीत बसून तेच तेच सांगून माझं तोंड दुखलं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

मी स्वतः काय चूक केली ते पहिलं. मला वाटलं फुकटवाला, म्हणजे फुकट नेट देणारी कंपनी, आहे म्हणून तुटतं. सगळेच असं म्हणतात, फुकटाला काय दात बघायचे. मग मी दोन महिन्यांत चार फुकटवाले बदलले, मासिकाबरोबर आलेल्या सीड्या टाकल्या, शेवटी वैतागून कुडाळच्या बाजारातून पैसे भरून पंचवीस तासांचं पॅक आणलं, आणि ते पहिल्याच रात्री सहाव्या मिनिटाला तुटलं. तेव्हा डोक्यात उजेड पडला की पाच वेगवेगळ्या कंपन्यांचं नेट जर एकाच घरात एकाच पद्धतीने तुटत असेल तर कंपनीला शिव्या देऊन उपयोग नाही, गडबड माझ्या घरापासून टेलिफोन एक्स्चेंजपर्यंतच्या त्या तारेत आहे आणि ती तार खराब असताना मी मोडेमला ५६के, म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिटच्या स्पीडने पळवतोय. तोवर फोनचं बिल आलेलं होतं. बाबा बिल हातात घेऊन खळ्यात उभे, "फुकटचा म्हणालंस मां? मगे ह्यां काय?"

तर फुकट म्हणजे काय हे आधी नीट समजून घ्या, कारण इथेच निम्मे लोक फसतात. आपल्याकडे नेट आलं १५ ऑगस्ट १९९५ला, तेव्हा एकटी सरकारी कंपनी व्हीएसएनएल. खाजगी कंपन्यांना परवानगी मिळाली १९९८च्या शेवटी आणि मग स्पर्धा लागली, कॅलटायगरसारख्यांनी जाहिराती दाखवून फुकट नेट द्यायला सुरुवात केली. पण यात फुकट असतं ते नेट, फोनचा कॉल नाही. मीटर फिरतच असतो. इंग्लंडमध्ये फ्रीसर्व्ह नावाची कंपनी १९९८मध्ये निघाली, महिन्याची फी शून्य, आणि तिची कमाई काय तर लोक जो फोन लावतात त्या कॉलच्या पैशातला वाटा. म्हणजे तिथेही गिऱ्हाईक पैसे देतच होतं, फक्त वेगळ्या बिलावर. माझा एक मामेभाऊ अमेरिकेत आहे, तो दर फोनला म्हणतो अरे नेटझीरो घे, महिन्याला दहा तास एकदम फुकट. त्याला दोनदा समजावलं की बाबा तुमच्याकडे लोकल कॉल वेगळे मोजतच नाहीत म्हणून ते फुकट, आणि नेटझीरोचा नंबर अमेरिकेत आहे, इथून लावला तर आयएसडी (परदेशी कॉल) पडेल आणि बाबा मला घराबाहेर काढतील.

म्हणून फुकटवाला निवडताना जाहिरात, तास, ईमेलची जागा हे सगळं नंतर, पहिलं बघायचं ते त्याचा डायल करायचा नंबर. तो तुमच्याच एसटीडी कोडमधला (आपल्या भागाच्या फोन कोडमधला) पाहिजे. मालवणला ०२३६५, कुडाळला ०२३६२, रत्नागिरीला ०२३५२, आपापला कोड सगळ्यांना पाठ आहेच. त्याचा नंबर फक्त मुंबई-पुणे-पणजीचा असेल तर ती सीडी माडाच्या खोडावर टांगा, खारी तरी पळतील. १७२ने सुरू होणारे जे नंबर असतात ते साधारणपणे लोकल दराने लागतात पण प्रत्येक कंपनीचा नंबर प्रत्येक एक्स्चेंजातून लागतोच असं नाही, तेव्हा आधी साध्या फोनवरून लावून बघा. पलीकडून शिट्टी ऐकू आली की समजायचं मोडेम आहे. रात्री नऊच्या सुमाराला, म्हणजे सगळे बसतात त्या वेळेला, तीनदा लावा, आणि त्यात दोनदा जर ती बाई "या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत" म्हणाली तर त्या कंपनीचा नाद सोडा. कॉल कसा मोजला गेला ते पुढच्या बिलावर ताडून बघायचं.

दुसरं म्हणजे त्याचा स्वतःचा डायलर (नंबर लावून नेट जोडणारा प्रोग्रॅम) टाकावाच लागतो का? नुसता नंबर, युजरनेम आणि पासवर्ड विंडोजच्या डायल-अप नेटवर्किंगमध्ये टाकून काम भागत असेल तर तो चांगला. स्वतःचा डायलर टाकणारे जाहिरातीची पट्टी तर लावतातच, वर होमपेज बदलतात, सेटिंग बदलतात आणि काढून टाकला तरी अर्धा मागे राहतो. आणि कुठल्याही भलत्या साइटवरून "फुकट डायलर" उतरवू नका म्हणजे नका. १९९७मध्ये अमेरिकेत हेच झालं, फुकट फोटो बघायला म्हणून लोकांनी एक प्रोग्रॅम उतरवला, त्याने गुपचूप मोडेमचा स्पीकर बंद केला, चालू कॉल तोडला आणि परत डायल केलं ते थेट मोल्डोव्हाचा नंबर. मोल्डोव्हा कुठे आहे हे त्या लोकांना बिल आल्यावर कळलं. म्हणून मोडेमचा स्पीकर कधी बंद ठेवू नका, कितीही केकाटला तरी, आणि फोनला एसटीडी-आयएसडीचं डायनॅमिक लॉक (कोड टाकून आपणच उघड-बंद करायचं) घेऊन ठेवा.

तिसरं, ईमेल त्या फुकटवाल्याचा वापरू नका, याहू किंवा रेडिफवर वेगळा काढा. आमच्या वाडीतल्या एका बागायतदाराने हौसेने हापूसच्या पेट्यांवर फुकटवाल्याचा ईमेल छापून घेतला, हजार पेट्या, आणि पुढच्या सीझनला ती कंपनीच उठली. पेट्या मात्र अजून माळ्यावर आहेत.

आता तार. मोडेमला हात लावायच्या आधी हे करायचं, मी उलटं केलं आणि पंधरा दिवस घालवले.

साधा फोन घ्या, घरातली बाकी सगळी जोडणी काढा, पॅरलल फोन (त्याच लाइनवरचा दुसरा फोन), कॉलर आयडीचा डबा, फॅक्स, मोडेम सगळं, आणि जिथे बाहेरची तार घरात येते त्या पहिल्या रोझेटलाच (भिंतीवरच्या फोनच्या डबीलाच) फोन जोडा. रिसीव्हर उचला, डायल टोन आला की १ दाबा. टोन बंद होतो आणि थोडा वेळ नुसती लाइन ऐकू येते. हीच ती वेळ. लाइन ठीक असेल तर शांत, लांबवर किंचित सूं. खरखर, तव्यावर मोहरी तडतडल्यासारखं, किंवा दुसऱ्या कोणाचं बोलणं पुसटसं ऐकू आलं तर रोग तिथेच आहे. हे एकदा कोरड्या दुपारी करा आणि एकदा जोराचा पाऊस पडून गेल्यावर, कारण दुपारी माझी लाइन एकदम स्वच्छ होती आणि लाइनमन आला की दर वेळी म्हणायचा काय नाय हो, चांगली आहे.

घरात मल्टिमीटर असेल तर अजून बरं. रिसीव्हर ठेवलेला असताना लाइनवर साधारण ४८ व्होल्ट डीसी असतात. माझ्याकडे उन्हात ४७-४८ दाखवायचा आणि पावसात ३६वर यायचा. म्हणजे मधे कुठेतरी पाणी शिरून करंट गळतोय. हे आकडे कागदावर लिहून लाइनमनला दाखवले तेव्हा पहिल्यांदा तो शिडी घेऊन आला. (मोजताना घंटी वाजली तर झटका बसतो, घंटीचा व्होल्टेज जास्त असतो, उघड्या तारेला बोट लावू नका, मी लावलंय.)

गळती सापडली ती दोन ठिकाणी. एक खांबावरच्या डब्यात, तो लाइनमनचा प्रांत. दुसरी आमच्याच घरात, माडीच्या वाशाजवळ पूर्वी कोणीतरी ड्रॉप वायर (खांबावरून घरात येणारी तार) कमी पडली म्हणून दोन तुकडे पिळून वर काळी टेप मारलेली. टेप सोडवली तर आत तांबं नव्हतंच जवळजवळ, हिरवी पूड. समुद्रापासून एवढ्या जवळ नुसत्या पिळलेल्या जोडाचं हेच होतं, खारा वारा टेपच्या आत जातो, जोड कुजतो, कोरडा असताना कसाबसा चालतो आणि ओला झाला की खरखरतो. मधे जोड ठेवूच नका, अखंड वायर ओढा. ठेवायचाच असेल तर सोल्डरचा डाग देऊन वर सिलिकॉन भरा. आणि तार घरात शिरते तिथे भोकाच्या खाली एक झोळ सोडा म्हणजे पाणी तारेवरून ओघळत आत न येता झोळाच्या तळाशी थेंबून पडतं. झावळ तारेवर घासत असेल तर ती तोडा, ते माड शेजाऱ्याचे असतील तर आधी चहाला बोलवा.

अजून एक, रोझेट ओटीवर आणि कॉम्प्युटर मागच्या खोलीत म्हणून लोक ती बाजारातली चपटी पांढरी वायर वीस-वीस मीटर टाकतात. ती वायर पिळाची नसते, ट्यूबलाइटचा चोक, स्टॅबिलायझर, पंपाची मोटर सगळ्याची घरघर ओढून घेते. पिळाची टेलिफोन वायर मागून घ्या किंवा सरळ टेबलच रोझेटजवळ न्या. पॅरलल फोन तर काढाच. माझे निम्मे कॉल पावसाने नाही तर आईने तोडलेले होते, ती आत्येला फोन लावायला स्वयंपाकघरातला रिसीव्हर उचलायची, कानात ती चिरचिर आली की ठेवून द्यायची आणि मला सांगायचीच नाही.

हे सगळं झाल्यावर मोडेम. इथे थोडं कसं चालतं ते सांगतो कारण ते कळलं की सेटिंग आपोआप कळते. ५६के म्हणजे व्ही.९०, १९९८चं स्टँडर्ड. ५६ची गंमत अशी की ते फक्त खाली येताना, वर जाताना ३३.६च. आणि खाली येताना तरी कधी, तर कंपनीपासून तुमच्या एक्स्चेंजपर्यंत सगळा रस्ता डिजिटल असेल आणि फक्त शेवटच्या तुकड्यात, एक्स्चेंज ते घर, एकदाच अॅनालॉग होत असेल तर. मधे कुठेही दुसऱ्यांदा रूपांतर झालं की ५६ विसरा, कुठल्याही मोडेमने मिळणार नाही. आणि एकदाच होत असलं तरी व्ही.९० फार नाजूक, तार लांब आणि ओली असली की तो जोरात जोडतो, ४४-४६ दाखवतो, आपण खूश, मग एक खरखर आली की दोन्ही मोडेम परत एकमेकांशी जुळवून घ्यायला लागतात, त्याला रिट्रेन म्हणतात, त्यात काही सेकंद डेटा थांबतो, परत खरखर, परत रिट्रेन, आणि शेवटी कोणीतरी एक कंटाळून फोन ठेवतो. ते तुमचं सातवं मिनिट.

उपाय म्हणजे मोडेमला ५६चा हट्टच सोडायला लावायचा. व्ही.३४ वर बांधून टाकायचा, म्हणजे जास्तीत जास्त ३३.६, आपल्याकडे २६ ते ३१ मिळेल. कमी वाटतं पण एकदा जोडला की तासभर हलत नाही आणि परत परत डायल करण्यात जो कॉल जळतो तो वाचतो. विंडोज ९८मध्ये कंट्रोल पॅनेल, मोडेम्स, प्रॉपर्टीज, कनेक्शन, अॅडव्हान्स्ड, तिथे एक्स्ट्रा सेटिंग्जचा रिकामा चौकोन आहे, त्यात कमांड टाकायची. एक्सपीत जागा थोडी वेगळी, मोडेमच्या प्रॉपर्टीजमध्ये अॅडव्हान्स्ड टॅबवर एक्स्ट्रा इनिशियलायझेशन कमांड्स. कमांड अर्थात इंग्लिश अक्षरात टाकायची, मी इथे उच्चाराने लिहितोय. रॉकवेल किंवा कोनेक्झंट चिप असेल तर +एमएस=व्ही३४, जुन्या रॉकवेलला व्ही३४च्या जागी नुसता ११ आकडा लागतो. ल्युसंटच्या चिपला एस३८=०. डब्यावर कंपनीचं नाव काहीही असू दे, आतली चिप कोणाची ते बघायचं, त्यासाठी मोडेम्समध्ये डायग्नॉस्टिक्स, पोर्ट निवडून मोअर इन्फो दाबलं की मोडेम स्वतःची जन्मपत्रिका सांगतो. दुसऱ्या चिपला कमांड वेगळी, ती मोडेमच्या पुस्तकात असते, पुस्तक हरवलं असेल (हरवलेलंच असतं) तर मोडेमबरोबरच्या सीडीत बघा.

त्याच चौकोनात एस१०=५० पण जोडा. पलीकडचा आवाज गेल्यावर किती वेळ थांबून फोन ठेवायचा ते हा आकडा ठरवतो, सेकंदाच्या दहाव्या भागात. बहुतेक मोडेमना तो १४ असतो म्हणजे दीड सेकंदसुद्धा नाही, विजेच्या एका कडकडाटात गेला. ५० म्हणजे पाच सेकंद. २५५ करू नका, मग कॉल खरंच तुटला तरी मोडेम धरूनच बसतो.

आता डायल टोन. नवीन मोडेम आणला, फोनमध्ये टोन स्वच्छ ऐकू येतो, आणि विंडोज म्हणतं एरर ६८०, डायल टोन नाही. यात मोडेम बिघडलेला नसतो. आपला टोन ४०० हर्ट्झचा आणि त्यावर २५ हर्ट्झची थरथर असते, म्हणून तो असा घुरघुरल्यासारखा येतो, अमेरिकेचा टोन वेगळा, दोन सुरांचा मिळून. बाहेरच्या देशासाठी बनवलेल्या मोडेमला आपला टोन टोन वाटतच नाही. मग त्याला सांगायचं टोनची वाट बघू नकोस, आंधळा डायल कर. वेट फॉर डायल टोन बिफोर डायलिंग यावरची टिक काढा, किंवा चौकोनात एक्स३ टाका, दोन्हीचा अर्थ एकच. एक्स३ असला तरी बिझी टोन मात्र तो ओळखायचा प्रयत्न करतो. एक्स्चेंज जुनं असेल आणि नंबरच लागत नसेल तर टोन डायलिंगच्या ऐवजी पल्स डायलिंगवर (जुन्या चकतीच्या फोनसारखं टकटक करत नंबर लावणं) करून बघा.

बाकीच्या एररचं पटकन. ६७८ म्हणजे पलीकडून उत्तरच नाही, नंबर तपासा. ६९१ म्हणजे पासवर्ड, आणि निम्म्या वेळा कॅप्स लॉक. ६३० म्हणजे मोडेमच बोलत नाहीये, केबल, ड्रायव्हर किंवा देवाघरी गेलेला मोडेम. ७२० आला तर टीसीपी/आयपी (नेटवर कॉम्प्युटर ज्या भाषेत बोलतात ती) नीट बसलेलं नाही. कनेक्ट होतं पण पान उघडतच नाही असं असेल तर डायल-अपच्या टीसीपी/आयपी सेटिंगमधलं आयपी हेडर कॉम्प्रेशन बंद करून बघा, आणि तिथेच सर्व्हर टाइप्समध्ये नेटब्युई आणि आयपीएक्स (ऑफिसातल्या नेटवर्कच्या भाषा, इथे लागत नाहीत) यांच्या टिका काढा, लॉग ऑन टू नेटवर्कची पण काढा, जोडताना वेळ वाचतो.

आणि ते ११५२०० दिसतं ना कनेक्ट झाल्यावर, काही लोक मला फोन करून सांगतात माझं नेट एक लाखाच्या स्पीडने लागलं. तो तुमच्या कॉम्प्युटर आणि मोडेममधल्या पोर्टचा स्पीड आहे. तेवढंच ठेवा, कमी करू नका, पण कोणाला सांगू नका.

विजेचं राहिलं. वळवाच्या पावसात आणि दसऱ्याच्या आगेमागे ज्या विजा होतात त्यात आपल्या भागात जेवढे मोडेम जळतात तेवढे वर्षभरात दुसऱ्या कशाने जळत नाहीत, आणि लोक लाइटचा प्लग काढतात पण फोनची वायर तशीच ठेवतात. वीज फोनच्या तारेतूनही येते. आकाश काळं झालं की दोन्ही काढा, बंद केलेला कॉम्प्युटरसुद्धा. सड्यावर घर असेल तर कातळात अर्थिंग नीट लागत नाही, मीठ-कोळसा घालून खड्डा केला तरी उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी ओतत राहावं लागतं, त्यामुळे सर्ज प्रोटेक्टरवर फार भरवसा ठेवू नका, त्यालाही करंट सोडायला जमीन लागतेच. माझा पहिला मोडेम असाच गेला, इंटर्नल होता, जाताना मदरबोर्ड घेऊन गेला. तेव्हापासून मी एक्स्टर्नलच घेतो, दिवे दिसतात आणि मेला तर एकटा मरतो.

सध्या माझ्याकडे २८,८०० लागतं, तेच फुकटवाल्यांपैकी दोन नंबरचं कनेक्शन ज्याला मी पहिल्या महिन्यात शिव्या घालून काढून टाकलं होतं. परवा रात्री धो धो पाऊस असताना सव्वा तास टिकलं, मग मीच काढलं, आत्येचा फोन यायचा होता. ज्यांना एवढं सगळं करूनही तुटतंय त्यांनी पाऊस पडल्यानंतरचा व्होल्टचा आकडा आणि मोअर इन्फोमध्ये दिसणारं चिपचं नाव दोन्ही लिहून ठेवा, त्याशिवाय मी पडवीत येऊन बसलो तरी चहा पिऊनच जाणार.